सातबाऱ्यावरची बाजरी आणि शेतातला कांदा



आज फवारणीचं किंवा खताचं काही नाही. आज जरा कागदाचं बोलू. पोस्ट मोठी आहे, पण लागणीचं काम उरकलं असेल तर चहा घेत घेत वाचा.

२०१९ चा ऑक्टोबर-नोव्हेंबर आठवतोय ना? परतीचा पाऊस परत जायचं नावच घेत नव्हता. आळेफाट्याजवळ आमची साडेतीन एकर. त्यातल्या दोन एकरांत रांगडा कांदा होता आणि सरीत गुडघ्याएवढं नाही, पण घोट्याएवढं पाणी आठ दिवस उभं. मुळं सडली, पात पिवळी पडली. पंचनाम्याला माणसं आली, बांधावर उभी राहिली, कांदा डोळ्यांनी पाहिला. मग उतारा काढला आणि म्हणाली, "दादा, तुमच्या सातबाऱ्यावर तर बाजरी आहे."

मी म्हणालो, "साहेब, बाजरीला पात असते का?" हसले बिचारे. पण कागद हसत नाही.

घरी येऊन मागच्या दहा वर्षांचे उतारे काढले. दरवर्षी खरिपाला बाजरी, आणि दरवर्षी तेवढेच गुंठे. कुकडीचं पाणी आल्यापासून आमच्या रानात बाजरी फक्त बांधाकडेला, घरच्या भाकरीपुरती. पण कागदावर ती बहरून उभी होती. कुणीतरी एकदा लिहिली असेल, पुढं मागच्या वर्षीचं पाहून उतरवत गेले. मीही कधी विचारायला गेलो नाही, हे पण खरं.

आता तुम्ही म्हणाल, यात नवल काय, घरोघरी हेच. बरोबर आहे. पण ती खोटी बाजरी पुढं कुठं कुठं गेली, याचा शोध घेताना मी दोनशे वर्षं मागं गेलो. जे कळलं ते सांगतो.

वही जन्मली साऱ्यासाठी

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातमध्ये जमीन कुणाची, बारामध्ये पीक काय. बारामधल्या नोंदींची बेरीज होते गाव नमुना अकरात, म्हणजे पिकांच्या गोषवाऱ्यात. गावांचे गोषवारे तालुक्याला, तालुक्यांचे जिल्ह्याला, जिल्ह्यांचे राज्याला. राज्यात बाजरी किती हेक्टर आणि कांदा किती, हा आकडा शेवटी असा गावच्या वहीतून वर चढतो. विद्यापीठातले संशोधक, पीक विमा कंपनी, खत किती लागेल ठरवणारं खातं, सगळे त्याच आकड्यावर उभे.

गंमत अशी की ही वही मोजणीसाठी जन्मलीच नव्हती. ती जन्मली शेतसाऱ्यासाठी.

पेशवाई १८१८ ला गेली. इंग्रजांना पुणे जिल्ह्याचा सारा ठरवायचा होता. १८२० च्या दशकाच्या शेवटी पुण्याचा असिस्टंट कलेक्टर रॉबर्ट प्रिंगल याने मोठी पाहणी केली. माणूस शिकलेला होता, अर्थशास्त्र वाचलेला. त्याचा हिशोब असा: शेताचं उत्पन्न किती, त्यातून खर्च किती, उरलेल्या निव्वळ उत्पन्नातले ५५ टक्के सरकारचे. कागदावर अगदी चोख. त्यासाठी प्रत्येक जातीच्या मातीत किती पिकतं आणि बैल, बियाणं, मजुरी यांना किती लागतं, याचे तक्ते भरले गेले.

पण तक्ते भरणारे कोण? खालचे कारकून. आणि माहिती देणारे? ज्यांच्यावर सारा बसणार, ते. कुठं पैसे घेऊन जमिनीची प्रत खाली उतरवली, कुठं पैसे मिळाले नाहीत म्हणून वर चढवली. सारा जड झाला, त्यात धान्याचे भाव पडले, इंदापूरकडं लोक रानं पडीक टाकून निघून गेले. प्रिंगलची योजना बसली.

मला यातून पहिला धडा मिळाला तो असा: हिशोब कितीही हुशारीचा असू दे, शेतातली नोंद खोटी असेल तर वरचं सगळं खोटं.

खड्डा खणून पाहणारे

मग १८३५ पासून इंदापुरातच नव्याने काम सुरू झालं. गोल्डस्मिड नावाचा मुलकी अधिकारी आणि विंगेट नावाचा लष्करातला इंजिनिअर. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला. उत्पन्न विचारलं की माणूस लपवतो, पण माती लपवता येत नाही. म्हणून शेताची मोजणी करायची, हद्दीला दगड रोवायचे, मातीचा रंग, पोत आणि खोली पाहून आण्यांमध्ये प्रत लावायची. सारा ठरला की तीस वर्षं बदलायचा नाही. १८४७ मध्ये या पद्धतीचा एकत्र अहवाल निघाला आणि पुढं मुंबई इलाख्यात तीच चालली.

आपण आजही 'सर्व्हे नंबर' म्हणतो, त्याचं मूळ या पद्धतीत. एकर-गुंठ्याचा हिशोबही तसाच. उताऱ्यावर 'आकार' म्हणून काही रुपये-पैसे दिसतात, तोही त्याच घराण्यातला. आणि 'पोटखराबा' बघा. ज्या तुकड्यात खडक, ओघळ, पिकत नाही, त्यावर सारा नको म्हणून तो वेगळा लिहिला. पुढं आजोबा-पणजोबांनी ओघळ बुजवले, आपण जेसीबी लावून सपाटी केली, त्यावर टोमॅटो काढला. पण कागदावर तो पोटखराबाच. म्हणजे 'लागवडीस अयोग्य जमीन' म्हणून जो आकडा छापून येतो, त्यात आपल्यासारख्यांच्या पिकत्या बांधांचाही हिस्सा आहे. वर्ग 'अ' चा पोटखराबा लागवडीखाली आणला असेल तर नोंद आता बदलून घेता येते. किती जणांनी घेतली?

तेव्हा वहीत मुख्य नाव सारा भरणाऱ्या खातेदाराचं. गहाण कुणाकडं, कूळ कोण, वाटणी कशी झाली, हे सरकारला नीट कळत नव्हतं. म्हणून १९०३ मध्ये मुंबई इलाख्यात अधिकार अभिलेखाचा कायदा झाला आणि फेरफाराची नोंद आली. लिहिणारा होता वतनदार कुलकर्णी. कायद्याने १९५१ पासून कुलकर्णी वतन संपलं, तलाठ्यांचं राज्य आलं. आता त्यांनाच ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. पाट्या बदलल्या, वही तीच.

कागदाला बोलतं करणारा माणूस

आमच्या आळ्यात रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वर माउलींनी ज्याच्या तोंडून वेद वदवले, तो रेडा. मी गमतीने म्हणतो, रेड्याकडून वेद म्हणवायला माउली लागली. सातबाऱ्याकडून खरं बोलवून घ्यायलाही कुणीतरी लागतंच.

पुण्याच्या शेती कॉलेजला हॅरॉल्ड मॅन नावाचे प्रिन्सिपॉल होते, १९०७ पासून. त्यांनी पुण्याजवळचं एक गाव निवडलं, पिंपळे सौदागर. आज तिथं टॉवर उभे आहेत, तेव्हा ज्वारी-बाजरी होती. त्यांनी काय केलं, तर गावचं जुनं दप्तर काढलं. पेशवाईतले आकडे, इंग्रजी पाहणीचे आकडे, चालू वही, सगळं एका रांगेत मांडलं. आणि नुसतं कागदावर थांबले नाहीत. रान आणि घरं फिरले. कुणाकडं किती तुकडे, कर्ज किती, बाहेरची मजुरी किती, सगळं विचारलं. १९१७ मध्ये पुस्तक निघालं.

त्यातली एक ओळ हिशोबाची, पण वाचून पोटात गोळा येतो. गावातली सरासरी धारणा १७७१ मध्ये ४० एकर. १८१८ मध्ये साडेसतरा. १८२० ते ४० या काळात १४. आणि १९१४-१५ मध्ये ७ एकर. १५६ जमीनधारक, त्यांचे सातशेहून जास्त तुकडे, आणि त्यातले ४६३ तुकडे एका एकरापेक्षा लहान. बहुतेक घरांचं नुसत्या शेतीवर भागत नव्हतं.

मग मॅन आणि त्यांचे सहकारी ना. वि. कानिटकर यांनी शिरूरकडच्या जातेगाव बुद्रुकचा असाच अभ्यास केला. तो १९२१ मध्ये छापला गेला. हे कानिटकर म्हणजे पुढं सोलापुरात कोरडवाहू शेतीचं काम करणारे. पहिलं गाव शहराजवळचं होतं, म्हणून दुसरं लांबचं, कोरडवाहू पट्ट्यातलं बघितलं. एका गावावरून सगळ्या जिल्ह्याचं बोलायचं नाही, ही शिस्त.

साऱ्यासाठी लिहिलेल्या वहीतून शेतकऱ्याचं दुखणं दिसलं ते असं. वही लिहिणाऱ्या कुणाच्याही मनात हा प्रश्न नव्हता. पण दीडशे वर्षं ओळीने नोंदी होत्या म्हणून उत्तर निघालं. नुसता मॅन हुशार असून भागलं नसतं, आणि नुसती वही असूनही भागलं नसतं.

आकड्यातून कायदा

जमिनीचे तुकडे होतायत, हे एकदा आकड्यात दिसल्यावर भांडण सुरू झालं ते उपायावरून. सरकारी बाजू म्हणे तुकडे करायला बंदी घाला, धारणा मोठी करा. १९१८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लहान धारणांवर लेख लिहिला. त्यांचं म्हणणं, धारणा लहान की मोठी हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. तिच्या जोडीला बैल, अवजारं, भांडवल किती यावर ठरतं. खरं दुखणं म्हणजे शेतीवर माणसांचा भार जास्त आणि दुसरा उद्योग नाही. म्हणजे एकाच आकड्यातून दोन माणसं दोन रस्ते काढू शकतात. आकडा भांडण मिटवत नाही, पण भांडण जमिनीवर आणतो.

शेवटी १९४७ मध्ये तुकडेबंदी-तुकडेजोडचा कायदा झाला. आज दोन-चार गुंठे विकत घ्यायचे म्हटले की आपण ज्या कायद्याला अडखळतो, तो हाच. गावच्या वहीतून आकडा निघाला, आकड्यातून चर्चा, चर्चेतून कायदा, आणि कायदा परत आपल्याच बांधावर. वहीत काय लिहिलंय याच्याशी आपला संबंध नाही, असं म्हणून कसं चालेल?

आणेवारी आणि चिठ्ठी

आता उत्पादनाकडं येऊ. जुनी रीत अशी: वहीतलं क्षेत्र, गुणिले नेहमीचं उत्पन्न, गुणिले यंदा पीक किती आणे आहे. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. हे आणे कोण ठरवणार? नजर. आणि नजर सरकारची असली की वेगळी, गावची असली की वेगळी. आज आणेवारीची पैसेवारी झाली, पन्नास पैशांच्या खाली की दुष्काळी, पण गावोगावचा वाद तोच.

यावर उपाय काढणाऱ्यांत आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा माणूस होता, पां. वा. सुखात्मे. आणि त्यांच्या जोडीला वि. गो. पानसे. दोघं संख्याशास्त्रज्ञ. १९४० च्या दशकात त्यांनी पीक कापणी प्रयोगाची पद्धत बसवली. नजरेने सांगायचं नाही. गाव चिठ्ठीने निवडायचं, सर्व्हे नंबर चिठ्ठीने निवडायचा, शेतातली जागाही चिठ्ठीने निवडायची, तेवढा प्लॉट आखून कापायचा, झोडायचा, वजन करायचं. चिठ्ठी का? कारण निवड माणसाने केली की हात आपोआप चांगल्या पिकाकडं जातो, किंवा मुद्दाम वाईटाकडं. ज्या कृषी पदवीधरांनी पानसे-सुखात्मेंचं १९५४ चं पुस्तक परीक्षेसाठी घोकलं असेल, त्यांना ही नावं नवीन नाहीत.

पण शेतकरी बंधूंनो, इथं एक गोष्ट लक्षात घ्या. चिठ्ठीची पेटी कुठून आली? गावच्या वहीतून. आणि कापणीतून मिळतं ते हेक्टरी उत्पन्न. एकूण उत्पादन काढायला ते क्षेत्राने गुणावंच लागतं. ते क्षेत्र परत वहीतलं. वजनकाटा ग्रॅमपर्यंत खरा, आणि गुणायचं माझ्या खोट्या बाजरीने!

हे सरकारला माहीत नव्हतं असं नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून पाचात एक गाव निवडून तिथली पीक पाहणी वेळेत पुरी करायची योजना आली. १९७३-७४ पासून नमुना गावांत दुसरी माणसं पाठवून नोंदी शेतात ताडून पाहायला लागले. योजना चांगल्या. पण एका तलाठ्याकडं दोन-तीन सजे, त्यात निवडणूक, दाखले, पंचनामे. तो शेवटी बांधावर येणार कधी?

वही आपल्या हातात आली

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. आता शेतात उभं राहून मोबाईलवर फोटो काढून आपलं पीक आपणच लिहायचं. दोनशे वर्षांत पहिल्यांदा वहीचा पेन आपल्या हातात आला.

मी पहिल्या वर्षी हौसेने कांदा लिहिला. त्या वेळी बरेच जण म्हणाले, "कशाला उगाच, काय मिळतंय?" मग २०२३ आलं. भाव इतके पडले की फेब्रुवारी-मार्चमध्ये विकलेल्या लाल कांद्याला सरकारने क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं, २०० क्विंटलपर्यंत. अट? सातबाऱ्यावर कांद्याची नोंद. किती जणांची धावपळ झाली, आठवतं ना? मार्केटची पट्टी हातात, कांदा खरा विकलेला, आणि उताऱ्यावर काहीच नाही.

पुढच्या हंगामात शेजारचे एक नाना माझ्या बांधावर आले. म्हणाले, "अरे, सगळीकडं कांदाच टाक. अनुदान आलं तर आलं." खोटं का बोलू, माझाही हात क्षणभर थांबला. एक एकर सोयाबीन होतं, तिथं कांदा लिहिला तर कोण बघणार होतं?

तेव्हा मला प्रिंगल आठवला. सारा होता तेव्हा आपण पीक लपवत होतो. अनुदान आलं तर पीक वाढवून लिहायला लागलो. दोन्ही वेळेला वही खोटी, आणि दोन्ही वेळेला भोगणारे आपणच. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यातबंदी झाली, ती मे २०२४ मध्ये उठली. असले निर्णय घेताना दिल्लीत टेबलावर काय असतं? भाव, आणि देशात कांदा किती आहे याचा अंदाज. आपण जास्त लिहिला तर म्हणणार, मुबलक आहे, काळजी कशाला. कमी लिहिला तर म्हणणार, टंचाई आहे, बंदी घाला. आणि आकडा खोटा असेल तर आपल्या बाजूने भांडणाऱ्या अभ्यासकाच्या हातात तरी काय राहणार?

मी सोयाबीन लिहिलं. नाना अजून मला हसतात.

डेन्मार्क आणि आपण

डेन्मार्कने १९६८ मध्ये प्रत्येक माणसाला एक नोंद क्रमांक दिला आणि १९८१ ची जनगणना घरोघर न जाता फक्त सरकारी नोंदवह्या जोडून केली. तिथले संशोधक त्या नोंदींवर काम करतात, पण नाव-ओळख काढून टाकलेली असते. हे जमलं कारण माणसाने घर बदललं की तो स्वतः नोंद करतो, आणि त्याला भरवसा असतो की ही नोंद त्याच्यावर उलटणार नाही.

आपल्यालाही आता शेतकरी ओळख क्रमांक मिळतोय. जमीन, पीक, विमा, कर्ज एका क्रमांकाला जोडलं जाईल. फायदा आहेच. पण भरवसा दोन्हीकडून लागतो. आपण खरं लिहावं आणि सरकारने आपलं नाव-गाव झाकून फक्त आकडा अभ्यासाला द्यावा, आपल्या कर्जाची माहिती बाजारात फिरू नये, हे मागायचा आपला हक्क आहे.

अजून एक. वहीत जो नाही, तो आकड्यातही नाही. वाटेकरी घाम गाळतो, पण उताऱ्यावर मालकाचं नाव. लागणीपासून काटणीपर्यंत रानात असतात आपल्या आया-बहिणी, पण खातेदार कोण? शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून घरच्या बाईचं नाव सातबाऱ्यावर चढवायला लावलं होतं. माझ्या आईचं नाव वडील गेल्यावर वारस म्हणून लागलं. चाळीस वर्षं त्या मातीत राबून ती सरकारच्या आकड्यात शेतकरी झाली, ती विधवा झाल्यावर. याचा विचार मला अजून सोडत नाही. मी मागच्या वर्षी घरच्यांचं नाव माझ्या हयातीतच लावायला अर्ज केलाय.

एवढं कराच

हंगाम संपायच्या आत शेतात उभं राहून नोंद करा, घरी ओट्यावर बसून नको. अर्धा एकर कांदा असेल तर अर्धाच लिहा. आंतरपीक असेल तर दोन्ही लिहा. विहीर, बोअर, ठिबक जे आहे ते लिहा. मग आठ दिवसांनी नोंद चढली का, ते उताऱ्यावर बघा. चूक दिसली तर मुदतीत दुरुस्त करा आणि अर्जाची पोच जपून ठेवा. शेजारच्या म्हाताऱ्या माणसाकडं साधा फोन असेल तर त्याची नोंद तुम्ही करून द्या, पाच मिनिटांचं काम आहे.

आणि कृषी खात्यातले, विद्यापीठातले जे मित्र ही पोस्ट वाचतात, त्यांना हात जोडून विनंती. आकडा डाउनलोड केल्यावर त्यातल्या एका तरी गावात या, चार बांध फिरा. आमच्याकडं आलात तर चहा आहे, भाकरी आहे. बाजरीची आहे. बांधाकडेची, खरी.